हॉल तिकिटावरचा अंगारा

बारावीचा पहिला पेपर. सकाळचे दहा वाजून गेलेले. पनवेलमधल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर नुसती झुंबड. रिक्षा, स्कूटर, आया, बाप, एकदोन आजोबा. माझ्या शेजारच्या बाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. चिमूटभर अंगारा आधी लेकीच्या कपाळाला, मग दोन्ही पेनांना, मग हॉल तिकिटाला. तेही प्लास्टिकच्या पाकिटातून बाहेर काढून थेट फोटोवर. मुलगी म्हणाली, "आई, फोटो दिसत नाहीये. आत घेणार नाहीत." आईने घाईघाईने ओढणीच्या टोकाने पुसलं, तशी राख आणखीच पसरली. मुलीच्या डोळ्यांत पाणी. शेवटी बापाने फुंकर मारून, रुमालाने टिपून टिपून चेहरा मोकळा केला. घंटा झाली, मुलगी पळत आत गेली आणि आई फाटकाचे गज धरून किती तरी वेळ पुटपुटत उभी राहिली.

मला त्या माऊलीचा राग आला नाही. लेकाच्या परीक्षेला मीही असाच फाटकाशी उभा होतो आणि माझेही ओठ हलत होते. पण घरी आल्यावर तो फोटो डोळ्यांपुढून हलेना. देवाचा अंगारा पोरीच्या चेहऱ्यावर बसला आणि पोरच दिसेनाशी झाली. या आठवड्यात लिहायचंय ते एवढ्याचबद्दल.

वडाळे तलावावर सकाळी फिरायला जा. तिसऱ्या फेरीला एक तक्रार हमखास कानावर पडते. "हल्लीच्या पोरांना ना देव, ना धर्म, ना ध्येय. मोबाइल दिला की संपलं." बोलणारे माझ्याच वयाचे, माझ्याच ओळखीचे. त्यांना तोंडावर सांगतो तेच इथे सांगतो. ही तक्रार साफ खोटी आहे.

चैत्रात पनवेल परिसरातल्या आगरी-कोळी गावांतून एकवीरेच्या पालख्या निघतात. खोपोली मागे टाकून, घाट चढून कार्ल्यापर्यंत जायचं, तेही भर उन्हात. त्या पालखीखाली कोणाचे खांदे असतात? विशीतल्या पोरांचे. शिर्डीच्या पदयात्रेत पायांना फोड आले तरी चालणारे कोण? तेच. गेली काही वर्षं रमजान आणि बोर्डाची परीक्षा एकमेकांना लागून किंवा एकाच वेळी येते. पहाटे सहरी करून, दिवसभर पाण्याचा थेंब न घेता तीन तासांचा पेपर लिहिणाऱ्या मुली याच गावात आहेत. खारघरमध्ये १५ जानेवारी २०२५ रोजी इस्कॉनच्या मोठ्या मंदिराचं उद्घाटन झालं. तिथल्या कीर्तनात इंजिनीअरिंगची मुलं तासन्‌तास टाळ वाजवताना दिसतात. त्यांतली काही आधी प्रसादाच्या जेवणासाठी आली असतील. येऊ देत. होस्टेलवरच्या पोराला भूक लागते आणि भुकेच्या वाटेने देवापाशी पोहोचलेली माणसं आपल्या संतपरंपरेला काही परकी नाहीत. रायगडच्या गावागावांत बैठका भरतात, दासबोधाचं निरूपण चालतं. आईबापांसोबत त्यांची तरुण पोरं मांडी घालून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी हातात झाडू घेऊन रस्त्यावर उतरतात.

आणि चौदा एप्रिल. बाबासाहेबांच्या जयंतीला सलग १८ तास अभ्यास करून अभिवादन करायची रीत महाराष्ट्रात अनेक ग्रंथालयांनी, वसतिगृहांनी, महाविद्यालयांनी पाडली आहे. सकाळी बसायचं ते मध्यरात्रीपर्यंत. पुढ्यात कोणी स्पर्धा परीक्षेचं पुस्तक धरतं, कोणी बाबासाहेबांचं लेखन. त्या १८ तासांचे गुण कुठल्याही गुणपत्रिकेत चढत नाहीत. मागणं काही नाही. ज्या माणसाने शिकायचा हक्क मिळवून दिला त्याच्यासमोर शिकत बसायचं, हीच पूजा. सहा डिसेंबरला हार-फुलांऐवजी वही-पेन आणा असं सांगणारी आणि जमलेल्या वह्या वाडीवस्तीवर पोचवणारी मुलंही याच पिढीची. मला विचाराल तर महाराष्ट्रात आज तरुणांच्या श्रद्धेचं याहून स्वच्छ रूप मी पाहिलेलं नाही.

म्हणजे श्रद्धा भरपूर आहे. मोठ्या माणसांनी तिचं काय केलं, ते बघू.

आधी आपण तिला परीक्षेला जुंपलं. अंगारकीला महडच्या वरदविनायकाच्या रांगेत जाऊन बघा. अर्ध्या प्रार्थना सीईटीच्या असतात. नव्वद टक्के पडू देत, २१ मोदक. मेडिकलला नंबर लागू दे, पायी येईन. देवापाशी मागू नये असं मी म्हणत नाही, माणूस मागणारच. पण मुलाला देव कळतो तो घरातल्या मोठ्यांच्या तोंडून, आणि घरात देवाचं नाव फक्त निकालाच्या आगेमागे निघत असेल तर मूल काय शिकतं? देव म्हणजे बोर्डाच्या वरचं बोर्ड. पास केलं तर आहे, नापास केलं तर नाही. मग एक दिवस निकाल मनासारखा लागत नाही आणि त्या एका फटक्यात मार्क जातात, आईबापांचा चेहरा जातो आणि देवही जातो. तिन्ही आधार एकाच खुंटीला टांगून ठेवले की हेच व्हायचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या अहवालात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांत महाराष्ट्र देशात पहिला आहे. एका वर्षात १,७६४. प्रत्येकाचं कारण वेगळं असणार, मी ते सगळे एका माळेत ओवत नाही. पण हा आकडा वाचल्यापासून "एवढ्या वर्षी फक्त अभ्यास कर, बाकी सगळं नंतर" हे वाक्य माझ्या तोंडून परत निघालेलं नाही.

गंमत बघा, ज्या गणपतीपुढे आपण हॉल तिकीट ठेवतो त्याची गोष्ट आपण नीट ऐकलेलीच नाही. पालीचा बल्लाळेश्वर आपल्याच रायगडातला. पनवेलातही बल्लाळेश्वराचं देऊळ आहे. अष्टविनायकांत भक्ताच्या नावाने ओळखला जाणारा गणपती हा एकटाच, आणि तो भक्त एक लहान पोरगा होता. कथेतला बल्लाळ एका व्यापाऱ्याचा मुलगा. सवंगडी जमवून रानात जायचा आणि एका दगडाला गणपती मानून पुजायचा. पोरं तहानभूक विसरायची, घरी यायची नाहीत. गावातल्या आईबापांनी बल्लाळच्या बापाकडे गाऱ्हाणं नेलं, "तुझ्या पोराने आमची पोरं बिघडवली." बाप काठी घेऊन रानात गेला, पूजा उधळली, दगड भिरकावून दिला, पोराला मारलं आणि झाडाला बांधून ठेवलं. तुझा देव येईल आणि सोडवील, म्हणाला. कथेत देव आला आणि त्याने सोडवलं. पालीला गेलात तर आधी धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायचा प्रघात आहे. बापाने भिरकावलेला दगड तो हाच, असं सांगतात. बापाने फेकलेल्या दगडाला पहिला मान, आणि देवाला नाव पोराचं!

ही कथा ज्यांनी रचली आणि जपली त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती. पोराचा देव पोराला स्वतः सापडावा लागतो. तो बहुधा शाळेच्या, घराच्या, जेवणाच्या वेळेत बसत नाही आणि मोठ्यांना तो बिघडल्यासारखाच दिसतो. तुमची मुलगी अचानक मांसाहार सोडते, मुलगा म्हणतो मी आरतीला येणार नाही, कोणी रात्री दोनला विचारतं, "बाबा, आपण जगतो कशासाठी?" तेव्हा काठी उगारू नका. "आधी जेईई होऊ दे" असं म्हणणंही काठीच आहे. आरती नाकारणाऱ्या मुलालासुद्धा मी बल्लाळच्याच सवंगड्यांत धरतो. तो निदान देवाबद्दल विचार तरी करतोय.

दुसरं काम केलं शिक्षणखात्याने. श्रद्धेला, मूल्यांना, सेवेला सगळ्याला गुण लावले. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीच्या अभ्यासक्रमात भारतीय ज्ञानप्रणालीला दोन श्रेयांक, मूल्यशिक्षणाचे वेगळे श्रेयांक. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तासांचं काम, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. मुंबई विद्यापीठात त्याबद्दल १० वाढीव गुण मिळत आले आहेत. योजना चांगली आहे, तिच्यातून घडलेली माणसं मला माहीत आहेत. पण गाढी नदीकाठचं प्लास्टिक उचलून झाल्यावर पोरं आधी विचारतात, "सर, हजेरी लागली ना?" हा प्रश्न त्यांना आपण शिकवला. प्रत्येक गोष्टीला मार्क लावले की बिनमार्काची गोष्ट करायची सवयच मोडते.

राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी. दरवर्षी त्या दिवशी महाविद्यालयांत कार्यक्रम होतो, दीपप्रज्वलन होतं, पाहुणे बोलतात. त्याआधी बरोबर ९६ वर्षं, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, पुण्यात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला होता. पनवेलमध्ये रयत शिक्षण संस्थेचं महाविद्यालय त्यांच्याच नावाने उभं आहे. त्या फाटकातून रोज ये-जा करणाऱ्या पोरांना जोतीराव समाजसुधारक म्हणून माहीत असतात, पण ते देव मानणारे होते हे किती जणांना कोणी सांगितलंय? त्यांनी त्याला निर्मिक म्हटलं. त्याच्या आणि माणसाच्या मध्ये दलाल नको म्हणून सगळं आयुष्य भांडले. १८६८ साली स्वतःच्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पक्षाघाताने उजवं अंग गेलं, तेव्हा डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली छापून आलं. मुलांना हे सगळं एका दमात सांगा. हौद आणि निर्मिक वेगवेगळ्या तासांना शिकवू नका. ज्या देवाने पाणी सगळ्यांसाठी केलं त्याला मानायचं, तर हौद उघडावाच लागतो. इतकी सरळ गोष्ट आहे ती.

तिसरं काम राजकारणाने केलं. श्रद्धेची डोकी मोजली. १६ एप्रिल २०२३, खारघर. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, त्याच बैठकांना जाणारे लाखो श्रीसदस्य मैदानात. सकाळपासून आलेली, शिस्तीने रांगेत बसलेली, उठ म्हटल्याशिवाय न उठणारी माणसं. व्यासपीठावर छत होतं, मैदानावर नव्हतं. उष्माघाताने १४ जण गेले. त्या माणसांच्या भक्तीला मी नावं ठेवणार नाही. त्यांनी लावलेली झाडं आणि उपसलेला गाळ या जिल्ह्याने पाहिलाय. चूक आहे ती एवढी शिस्तीची, एवढी न मागणारी माणसं बघून ज्यांना फक्त मैदान भरल्याचा आनंद झाला त्यांची. त्या दिवशी आईबापांच्या शेजारी उन्हात बसलेल्या पोरांनी काय पाहिलं, हे आपण एकदाही त्यांना बसवून विचारलेलं नाही. मंडपासाठी, डीजेसाठी, मोटारसायकलच्या फेरीसाठी धर्माच्या नावाने पोरं लागतात तेव्हा सगळ्या पक्षांना ती सापडतात. त्याच पोराच्या बहिणीला वसतिगृहात जागा हवी असते तेव्हा फोन लागत नाही.

हे तिन्ही झालं. आता मला ज्यासाठी लिहायचं होतं तिथे येतो.

पनवेलवरून गोवा रस्त्याने निघालात की पुढचा तालुका पेण. पेण तालुक्यात गागोदे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे जन्मला, म्हणजे पुढचे विनोबा. पुढे कुटुंब बडोद्याला गेलं. पोरगं हुशार, गणितात तेज, आणि डोक्यात एकच खूळ, ब्रह्म शोधायचं. एक दिवस चुलीपाशी बसून त्याने आपली शाळेची प्रमाणपत्रं एकेक करून जाळली. आई विचारत होती, पुढे लागतील ना रे. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतेला उतरून काशीची वाट धरली. वय वीस. एका बाजूने हिमालय ओढत होता, दुसऱ्या बाजूने बंगालची क्रांती. पोरगा दोन्हींच्या मध्ये उभा.

आजच्या पनवेलमध्ये हे घडलं तर? पोलिसात बेपत्ता झाल्याची तक्रार, सोसायटीच्या ग्रुपवर फोटो, आईबापांची झोप उडालेली. साहजिक आहे, माझीही उडेल. मी कोणाच्याही पोराला परीक्षा सोडून गाडीतून उतरायला सांगत नाही. प्रमाणपत्रं जाळू नका, ती फार कष्टाने मिळतात. ज्यांच्या घरात पहिलंच पोर शिकतंय त्यांच्यासाठी ती देवाच्या तसबिरीइतकीच मोलाची आहेत. मला सांगायचंय ते पुढचं.

काशीत असताना गांधींच्या भाषणाची बातमी त्याच्या वाचनात आली. त्याने पत्रातून शंका विचारल्या. गांधींनी उत्तरं दिली आणि शेवटी कळवलं, या गोष्टी पत्राने सुटायच्या नाहीत, येऊन भेट. ७ जून १९१६ रोजी पोरगा अहमदाबादला कोचरबच्या आश्रमात पोचला. गांधी भाजी चिरत बसले होते. देशाचा पुढारी भाजी चिरतो हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. गांधींनी त्याच्याही हातात सुरी दिली. विनोबांनीच पुढे आठवणीत सांगितलंय की त्याआधी त्यांनी कधी सुरी हातात धरली नव्हती, अंगमेहनतीचा पहिला धडा तो.

ब्रह्म शोधायला निघालेल्या वीस वर्षांच्या पोराला प्रवचन मिळालं नाही की मार्गदर्शन शिबिराचा अर्ज मिळाला नाही. त्याला सुरी मिळाली आणि पुढ्यात भाजी. आश्रमात जेवणारी तोंडं होती, भाजी चिरली नाही तर जेवायला उशीर होणार होता. हिमालय आणि बंगाल यांमध्ये अडकलेला तो तिथे थांबला. ज्याने त्याला ओळखलं त्याने त्याला कामाला लावून ओळखलं. आईची गीतेची हौस मनात ठेवून त्याने १९३०-३१ साली 'गीताई' लिहिली, १९५१ पासून भूदानासाठी देश पायी तुडवला, तेही याच ओळीत धरा.

इथून जवळ, पनवेल तालुक्यातच, शिरढोण. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके तिथे जन्मले. शाळेच्या सहलीत पोरांना बंडाची गोष्ट सांगतात. दत्ताचा हा निस्सीम भक्त लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होता, आई आजारी असताना त्याला वेळेवर रजा मिळाली नाही, पोचला तेव्हा ती गेलेली होती, हेही सांगा. पुण्यात सोबत्यांसह त्याने शाळा काढली, तेही सांगा. पोरांना तलवारीपेक्षा ती न मिळालेली रजा लवकर कळते. घरात कोणी आजारी असताना क्लासला जावं लागलेली कितीतरी पोरं त्या सहलीच्या बसमध्ये बसलेली असतात.

क्लासवरून आठवलं. पनवेलमध्ये बेथ एल नावाचं यहुदी प्रार्थनास्थळ आहे, १८४९ सालचं. कोकणातले बेने इस्रायल पूर्वी तेलाच्या घाण्यावर असत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावं त्यांना शनवार तेली म्हणायची. शेजारपाजारचे घाणे चालू, बाजार चालू, तरी यांचा बैल सोडलेला. शतकानुशतकं बहुतेकांना मूळ भाषेतली प्रार्थनासुद्धा नीट येत नव्हती, पण ती सुट्टी त्यांनी सोडली नाही आणि त्या एका दिवसाने त्यांना आपण कोण हे विसरू दिलं नाही. आमच्या पोरांच्या घाण्याला तेवढीही सुट्टी नाही. सोमवार ते शनिवार कॉलेज आणि क्लास, रविवारी टेस्ट. पोराने देवळात कधी जायचं, मशिदीत कधी जायचं, आजीचे पाय कधी चेपायचे आणि नुसतं तलावाच्या कठड्यावर बसून आपण जगतो कशासाठी हे कधी विचारायचं? पनवेल, खारघर, कामोठ्यातल्या सगळ्या क्लासचालकांना हात जोडून सांगतो, रविवार सोडा. आईबापांनो, तुम्ही मागितलात तर सोडतील. फी तुम्ही भरता.

मागच्या हिवाळ्यात प्रबळगडाच्या पायथ्याच्या एका ठाकरवाडीवर कॉलेजच्या पोरांचं शिबिर होतं. एक दिवस मीही गेलो. ओढ्यावर वनराई बंधारा घालायचं काम. नवीन पनवेलात टॉवर उठताहेत तिथून सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करून आणलेल्या. त्यांत वाळू-माती भरायची, सुतळीने तोंड शिवायचं आणि हातोहात ओढ्यापर्यंत पोचवायच्या. पन्नासेक पोरं-पोरी रांगेत. तासाभरात सगळ्यांचे तळवे सोलले. कोणाच्या मनगटाला तुळजापूरचा धागा, कोणाच्या गळ्यात माळ, एकीच्या डोक्याला घट्ट बांधलेला स्कार्फ, एकाच्या टी-शर्टवर बाबासाहेब. गोणी पुढे सरकत होती.

दुपारनंतर पाणी चढायला लागलं आणि डाव्या अंगाला, काठाशी, बोटभर धार फुटली. एक पोरगा, सकाळच्या प्रार्थनेला मुद्दाम मागे उभा राहिलेला, पाण्यात उतरला आणि त्या भोकावर तळहात दाबून बसला. पाणी गार, डिसेंबरचं. तो हलला नाही. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने बाकीच्यांना ओरडून सांगितलं की नुसती माती धुपेल, पेंढा आणा, चिकणमाती आणा. पोरं धावली. पेंढ्याची जुडी आणि चिकणमातीचे गोळे दोन गोण्यांच्या मध्ये ठासले, तेव्हा कुठे त्याने हात काढला. बोटं पांढरी पडली होती, सुरकुतलेली. अंधार पडेपर्यंत पाणी तिसऱ्या थराला लागलं. वाडीतली एक बाई हंडा घेऊन आली, काठावर उकिडवी बसली, ओंजळीने पाणी वर घेतलं, चव बघितली आणि हंडा बुडवला. रांगेतलं कोणी काही बोललं नाही. हजेरीची वही झाडाखाली दप्तरात होती, ती त्या संध्याकाळी उघडलीच गेली नाही.

शिबिर संपलं, पोरं पनवेलला परतली, परीक्षा आल्या. तीन आठवड्यांनी शिबिराच्या ग्रुपवर एक फोटो आला. तोच पोरगा एकटाच एसटीने वाडीवर जाऊन आला होता. फोटोत बंधारा, पाण्यात पडलेलं आभाळ, गोण्यांवर सिमेंटचं विटलेलं नाव. खाली लिहिलं होतं:

"टिकलाय. पण डावीकडची एक गोणी फाटलीये. रविवारी कोण येतंय?"